वयाचा शिक्का

रीगात, दौगावा नदीच्या अंगाला,
तिसऱ्या मजल्यावर माझी खोली.
एक मोठा पडदा, दोन कंट्रोलर
आणि लाकडी घोडीवर टांगलेले रबरी शिक्के:
तीन, सात, बारा, सोळा, अठरा.

मी इल्ग्वार्स. रक्त मोजतो.
थेंब दिसला तर बारा, चिळकांडी उडाली तर सोळा,
आतडी बाहेर आली की अठरा.
शिव्यांचं कोष्टक वेगळं, उघड्या अंगाचं वेगळं.
एकोणीस वर्षं झाली.
एका दुपारी चारशे माणसं मारून
मी शेपू घातलेली काकडी आणि काळा पाव खाल्लाय.
हात धुतले होते, एवढंच.

अठराचा शिक्का सगळ्यात जास्त झिजलाय.
आठाचं पोट पुसट झालंय पार.
कंपन्या तो मागून घेतात, मिरवतात,
आणि आत बघावं तर बारा वर्षांचा पोरगा
डिंकाने मिशी चिकटवून
सगळ्या जगावर रागावलेला.

मार्चमध्ये लिएपायाहून एक खेळ आला.
झेल्मा आणि तिच्या बहिणीने
मासळीच्या जुन्या गोदामात बसून केलेला.
बाप वारलाय. सात दिवसांत त्याची होडी विकायची.
तळाला चीर आहे, नव्या रंगाखाली,
ती फक्त तुम्हाला माहीत.
गिऱ्हाईक एकच, शेजारचा तेओदोर्स.
बटणं दोन: सांगा. सांगू नका.

मी सांगितलं नाही.
पेन उघडून बसलो.
आता होडी बुडेल, संगीत बदलेल,
पडदा लाल होईल, मी खूण करीन.

काही झालं नाही.
सकाळी तेओदोर्स आला, धुरावलेला मासा घेऊन,
वर्तमानपत्रात गुंडाळलेला.
म्हणाला, तुझा बाप असाच बांधून द्यायचा.
बटण एकच होतं: घ्या.

रोज पहाटे तो समुद्रात जायचा.
खिडकीतून होडीचा ठिपका दिसे, बारीक होत जाणारा.
खेळ म्हणत नव्हता, थांबा.
थांबण्याचं बटणच नव्हतं.
मी नुसता हात हलवत नव्हतो,
तो परत येईपर्यंत.

नियमाप्रमाणे दुसरी वाटही तपासावी लागते.
नव्याने सुरू करून सांगितलं.
तेओदोर्सने टोपी काढली, परत घातली,
बरं झालं बोललास म्हणाला, आणि गेला.
होडी दारातच राहिली, तिच्यावर बर्फ पडत राहिलं.
खरं बोलल्याचे गुण कुठेही जमा झाले नाहीत.
सकाळी मासाही आला नाही.

विज्मा शेजारच्या टेबलावरून म्हणाली,
एवढं काय बघताय? यात काहीच नाहीये.
ती सव्वीसची आहे.
माझे केस काही उन्हाने पांढरे झाले नाहीत,
असं म्हणणार होतो, म्हटलं नाही.
माझे बहुधा ट्यूबलाइटने झालेत.

तक्ता भरला.
रक्त: नाही. (एकदा मासा चिरतात.)
शिव्या: एक, तीही पुटपुटलेली.
नग्नता: नाही.
भीती, या रकान्यापाशी
पेन जरा वेळ तसंच धरून बसलो.

घरी बाल्कनीत बटाट्यांचं पोतं आहे.
भावोजी दर सप्टेंबरला पाठवतात, न चुकता.
मी विकलेल्या त्या गाडीचं
त्यांनी आजवर नाव काढलेलं नाही.

तीनचा शिक्का उचलला. रबर अजून कोरं, कडा टोकदार.
आणि चुकतंय असंही नाही म्हणता येणार:
तीन वर्षांचं मूल सांगून टाकेल, चीर आहे म्हणून,
आणि खाऊ मागायला पळेल.
खिडकीपाशी उभं राहणार नाही.
तिथे उभं राहायला किती वय लागतं,
याचा शिक्का आमच्याकडे नाही.

मारला. शाई ओली होती.

विज्मा दिवे मालवून गेली.
मी पहिलीच वाट पुन्हा लावली आहे.
बाहेर नदीवर अंधार, पडद्यावर पहाट.
ठिपका अजून यायचाय.